प्रिंटर नवं कार्ट्रिज नाकारतोय? आधी नकार कुणाचा ते ओळखा

बाहेरच्या कंपनीचं कार्ट्रिज बसवलं, झाकण लावलं, प्रिंटरने थोडी खरखर केली आणि लाल दिवा लावला. अशा वेळी बरेच जण तेच कार्ट्रिज पुन्हा पुन्हा काढून घालत बसतात, नाहीतर वैतागून सरळ महागडं ओरिजिनल मागवतात. त्याआधी एक प्रश्न सोडवा: नाही म्हणतंय कोण? कार्ट्रिज आणि प्रिंटर यांच्यातली विजेची जोडणीच नीट होत नाहीये, की जोडणी होऊनही कार्ट्रिजवरची चिप प्रिंटरला कळत नाहीये, की चिप बाहेरची आहे हे कळल्यामुळेच प्रिंटरमधलं फर्मवेअर (प्रिंटरला चालवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) तिला मुद्दाम अडवतंय? पहिल्या दुखण्याचं औषध घरात आहे. दुसऱ्याचं विक्रेत्याकडे. तिसऱ्याचं कधी सेटिंगमध्ये सापडतं आणि कधी कुठेच सापडत नाही. ते लवकर कळलं तर निदान एक संध्याकाळ वाचते.

पुढचं सगळं घरगुती इंकजेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. चिप आणि फर्मवेअरचा भाग लेसर प्रिंटरच्या टोनरलाही (शाईऐवजी पूड असलेल्या कार्ट्रिजलाही) बराचसा लागू पडतो.

स्क्रीनवर नेमकं काय आलंय ते वाचा

ओके दाबायच्या आधी मोबाइलवर त्या संदेशाचा फोटो काढून ठेवा. प्रिंटरला स्क्रीन नसेल तर कुठले दिवे लुकलुकताहेत ते टिपून घ्या आणि कॉम्प्युटरवर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये काय लिहून येतंय ते बघा. निम्मं निदान इथेच होतं.

‘नॉन-जेन्युइन’ किंवा ‘युज्ड ऑर काउंटरफीट’ असं काहीतरी लिहिलंय, पण खाली ओके किंवा कंटिन्यूचं बटण आहे? मग हा नकार नाहीच, ही नुसती टोचणी आहे. बटण दाबा आणि छापा. त्यानंतर शाईची पातळी दिसणार नाही किंवा प्रश्नचिन्ह दिसेल. तो बिघाड नव्हे. भाषा मुद्दाम घाबरवणारी असते, त्यामुळे इथेच परत फिरणारे लोक पुष्कळ आहेत.

कॅननच्या पिक्स्मा मालिकेत १६८६ किंवा १६८८ हा आकडा आला तर प्रिंटरचं म्हणणं एवढंच, की माझ्या हिशोबाने शाई संपत आली आहे किंवा संपली आहे. रिफिल केलेल्या कार्ट्रिजवर हे येणारच, कारण शाई भरली तरी चिपमधला हिशोब जुनाच राहतो. अनेक मॉडेल्सवर स्टॉपचं बटण किमान ५ सेकंद दाबून धरलं की त्या कार्ट्रिजपुरतं शाई मोजणं बंद होतं आणि छपाई सुरू होते. मात्र त्यानंतर शाईवर नजर ठेवायचं काम तुमचं. शाई नसताना छापत राहिलं तर प्रिंट हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, तापून कायमचं निकामी होऊ शकतं. १६८४ आला तर गोष्ट वेगळी: तिथे कार्ट्रिज ओळखताच आलेलं नाही.

‘कार्ट्रिज प्रॉब्लेम’, ‘कॅनॉट बी रेकग्नाइज्ड’, ‘कॅनॉट डिटेक्ट’ हे संदेश मोघम असतात. जोडणीचा दोष असला तरी हेच येतं आणि चिपचा असला तरी हेच. यांच्यासाठी पुढची साफसफाई आधी करायची.

‘ब्लॉक्ड’ हा शब्द किंवा ‘नॉन-एचपी चिप’ असा स्पष्ट उल्लेख दिसला तर मात्र कापूस-अल्कोहोल बाहेर काढू नका. प्रिंटरने चिप व्यवस्थित वाचली आहे, म्हणूनच तो हे सांगू शकतोय. तुम्ही थेट फर्मवेअरच्या भागाकडे जा.

राहिले दोन किरकोळ प्रकार. ‘प्रोटेक्टेड’ म्हणजे ते कार्ट्रिज पूर्वी दुसऱ्या एखाद्या प्रिंटरमध्ये वापरलं गेलं आणि त्याच्याशी बांधलं गेलं. ते आता तुमच्याकडे चालणार नाही. ‘युज सेटअप कार्ट्रिजेस’ म्हणजे नव्या प्रिंटरला पहिल्यांदा सोबत आलेलीच कार्ट्रिजेस हवी आहेत. ती बसवून सेटअप पूर्ण करा, मग बाकीचं.

जोडणी तपासा

प्रिंटर चालू ठेवून झाकण उघडा आणि कार्ट्रिजची गाडी थांबेपर्यंत थांबा. कार्ट्रिजवरचा क्रमांक प्रिंटरच्या यादीशी ताडून पाहा. एक्सएल (जास्त शाईचं) आणि साधं हे सहसा एकाच क्रमांकाच्या घरात चालतात, पण क्रमांक ‘जवळपास सारखा’ असून भागत नाही. एकाच मॉडेलच्या प्रिंटरला जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या क्रमांकांची कार्ट्रिजेस लागतात आणि काहींच्या चिपमध्ये प्रदेशाचा कोडही असतो. ऑनलाइन मागवलेलं कार्ट्रिज सगळ्या बाजूंनी तंतोतंत बसतं आणि तरी ओळखलं जात नाही, याचं हे एक साधं कारण.

मग पट्ट्या. नव्या कार्ट्रिजवर बहुधा शाई येण्याच्या तोंडावर एक पट्टी असते आणि काही प्रकारांत हवा आत जाण्याच्या भोकावर दुसरी. सोबतच्या कागदावर जी काढायला सांगितली असेल ती पूर्ण निघाली का, तुकडा चिकटून राहिला नाही ना, ते पाहा. चिपवर पारदर्शक पापुद्रा असेल तर तोही काढा.

आता चिपकडे या. घरगुती इंकजेटमध्ये दोन जातीची कार्ट्रिजेस असतात. एका जातीत प्रिंट हेड कार्ट्रिजमध्येच असतं: साधारण चौकोनी डबी, मागच्या बाजूला तांब्याच्या रंगाचे बरेच ठिपके असलेली पट्टी आणि खाली शाई फवारणारी बारीक छिद्रांची पाटी. दुसऱ्या जातीत प्रत्येक रंगाची वेगळी टाकी असते आणि तिच्यावर नखाएवढी चिप. पुसायची ती तांब्याची पट्टी किंवा चिप. छिद्रांच्या पाटीला हात लावायचा नाही.

तंतू न सुटणारं कापड घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलं करा आणि हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा. प्रिंटरच्या बाजूला ज्या बारीक पिना असतात त्याही पुसा, पण दाबून नव्हे. एखादी वाकली की ती जागेवर आणणं घरी जमत नाही. दोन्ही बाजू पूर्ण वाळू द्या. हे सगळं अर्ध्या तासाच्या आत उरकायचं, कारण कार्ट्रिज उघडं राहिलं की शाई छिद्रांतच सुकायला लागते.

पुसण्याआधी एक गोष्ट जरूर बघा, टॉर्चच्या उजेडात आणि जमल्यास भिंगातून. कार्ट्रिज एकदा बसवून काढलं असेल तर चिपवरच्या प्रत्येक सोनेरी चौकटीवर प्रिंटरच्या पिनेने काढलेला केसाएवढा ओरखडा असतो. तो चौकटीच्या मधोमध असेल तर पिना बरोबर टेकताहेत. सगळे ओरखडे एका कडेला सरकलेले असतील, किंवा एखाद्या चौकटीवर ओरखडाच नसेल, तर चिप वाकडी चिकटवलेली आहे. बाहेरच्या कार्ट्रिजमध्ये हा दोष अधूनमधून सापडतो. कार्ट्रिज खटक्यासह पूर्ण आत गेलं नसेल तरीही असंच दिसतं, म्हणून एकदा नीट दाबून बसवा आणि पुन्हा बघा. तरीही ओरखडे कडेलाच? मग कार्ट्रिज परत करा. चिप उचकटून सरळ करायला गेलात तर परत करायचा हक्कही जातो.

यानंतर विजेचा रीसेट. प्रिंटर चालू असतानाच मागची वायर काढा, भिंतीतला प्लगही काढा, एक मिनिट थांबा, मग थेट भिंतीत जोडून सुरू करा. तात्पुरती अडकलेली चूक असेल तर ती यात निघून जाते.

आणि आता सगळ्यात उपयोगाची चाचणी. जुनं ओरिजिनल कार्ट्रिज फेकलं नसेल, अगदी रिकामं का असेना, तर ते परत बसवा. प्रिंटरने ‘शाई संपली’ अशी तक्रार केली तर आनंद माना: त्याने ते ओळखलं, म्हणजे प्रिंटरच्या पिना ठीक आहेत आणि दोष नव्या कार्ट्रिजचा. जुन्यालाही ‘ओळखता येत नाही’ म्हणाला तर भानगड प्रिंटरमध्ये आहे आणि बिचारं नवं कार्ट्रिज उगाच बदनाम होतंय. चार रंगांच्या प्रिंटरमध्ये चारही कार्ट्रिजेस एकदम बदलली असतील तर जुनी परत घालून एकेकच नवं बसवत जा. एका खराब चिपमुळे चारही रंगांवर फुली येऊ शकते. म्हणूनच रिकामी ओरिजिनल कार्ट्रिजेस लगेच कचऱ्यात टाकू नयेत असं माझं ठाम मत आहे. नवा संच निर्धोक चालेपर्यंत ती तपासणीची हत्यारं आहेत.

चिपच जुनी असेल तर

चिपमध्ये साधारणपणे कार्ट्रिजची ओळख आणि शाईचा हिशोब असतो, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये प्रिंटरने विचारलेल्या सांकेतिक प्रश्नाला उत्तर देण्याची सोयही. बाहेरच्या कंपन्या ही चिप स्वतः घडवतात. प्रिंटर कंपनीने प्रश्न बदलला की जुन्या चिपचं उत्तर चुकतं, मग बाहेरची कंपनी नवी आवृत्ती काढते. हा पाठशिवणीचा खेळ वर्षानुवर्षं चालू आहे. दुकानात पडून राहिलेला माल मागच्या डावातला असू शकतो. कार्ट्रिज नवंकोरं, पॅकिंग बंद, शाई उत्तम आणि तरी निरुपयोगी, हे असं घडतं.

खरेदी करताना इथे एक फरक लक्षात ठेवा. ‘कंपॅटिबल’ म्हणून मिळणारं कार्ट्रिज बहुधा पूर्ण नवं असतं, चिपसकट. ‘रीमॅन्युफॅक्चर्ड’ म्हणजे वापरलेलं ओरिजिनल साफ करून पुन्हा भरलेलं. त्यावर मूळ चिप किंवा मूळ सर्किट तसंच ठेवलेलं असेल तर प्रिंटर ते अडवण्याची शक्यता बरीच कमी. एचपीने आपल्या ‘डायनॅमिक सिक्युरिटी’बद्दल हेच सांगितलं आहे: अडवणूक एचपीची नसलेल्या चिपची आहे, मूळ चिप पुन्हा वापरणाऱ्या रिफिल कार्ट्रिजची नाही. तेव्हा विक्रेत्याला ‘चालेल ना?’ असं विचारू नका. तो चालेलच म्हणणार. ‘चिप मूळ आहे की नवी घातलेली?’ असं विचारा.

जुन्या ओरिजिनलची चिप काढून नव्या कार्ट्रिजवर चिकटवण्याचा उद्योगही लोक करतात. ज्या प्रिंटरवर रिकामं दाखवणारं कार्ट्रिज सूचना मान्य करून पुढे वापरता येतं, तिथे तो चालू शकतो. जे प्रिंटर चिपमधली शाई शून्यावर आली की थांबतातच, तिथे काही उपयोग नाही. प्रत्येक रंगाचं वेगळं चिपवालं कार्ट्रिज लागणारी एप्सनची बरीच घरगुती मॉडेल्स यात मोडतात. हात स्थिर नसेल तर या वाटेला जाऊच नका.

कालपर्यंत चालत होतं, आज नाही

याच्यामागे जवळजवळ नेहमी फर्मवेअर अपडेट असतो. आणि तो आजच झाला असेल असंही नाही. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या ऑफिसजेट मालिकेतल्या प्रिंटरांनी जगभर एकाच दिवशी बाहेरची कार्ट्रिजेस नाकारायला सुरुवात केली. अडवणारा भाग आधीच्या अपडेटमधून आत येऊन बसला होता, फक्त ती तारीख उजाडायची वाट बघत होता. एवढा गदारोळ झाला की त्याच महिन्यात कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि ती अडवणूक नसलेलं फर्मवेअर, ज्यांना हवं त्यांना, देऊ केलं. पण डायनॅमिक सिक्युरिटी बंद झाली नाही. आज कित्येक मॉडेल्सच्या खोक्यावर तिची सूचना छापलेली असते. खोक्यावरची ती बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या.

उलट बाजूचा किस्साही ऐकण्यासारखा आहे. २०२२च्या सुरुवातीला जगभर चिपचा तुटवडा असताना कॅननला आपल्या ऑफिसच्या मशीनसाठी चिप नसलेले टोनर पाठवावे लागले. मशीननी ते ओरिजिनल टोनरसुद्धा संशयाने पाहिले आणि कॅननच्या जर्मनीतल्या शाखेने स्वतःच ग्राहकांना सांगितलं, की सूचना बंद करून पुढे जा, छपाईत फरक पडत नाही.

आता करायचं काय? कार्ट्रिज अजून चालत असेल तर आजच अपडेट बंद करा. प्रिंटरच्या मेन्यूत सेटअप किंवा टूल्सखाली ‘प्रिंटर अपडेट’ शोधा आणि ऑटोमॅटिक अपडेट बंद करा. स्क्रीन नसेल तर ब्राउझरमधून जायचं: नेटवर्कच्या माहितीचं पान छापा, त्यावरचा आयपी अ‍ॅड्रेस ब्राउझरच्या पट्टीत टाका, प्रिंटरचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडतं. अपडेटचा पर्याय तिथेच असतो. एचपीच्या अनेक मॉडेल्सवर याच पानावर ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ही दिसेल, तेही बंद करा, म्हणजे पुढे बसवलेलं कार्ट्रिज तुमच्याच प्रिंटरशी बांधलं जाणार नाही. आधी बांधलं गेलेलं मात्र सुटत नाही. कॉम्प्युटरवर कंपनीचं अपडेटर असेल तर त्यातलं फर्मवेअरचं आपोआप तपासणंही थांबवा, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होतं.

याची किंमतही आहे. सुरक्षेतल्या त्रुटींची दुरुस्तीही अपडेटमधूनच येते. प्रिंटर फक्त घरातल्या वायफायवर असेल आणि बाहेरून छापायची सोय बंद ठेवली असेल तर घरगुती वापरात मी हा सौदा पत्करेन. यूएसबीने जोडलेला असेल तर काळजी आणखी कमी.

अपडेट आधीच होऊन अडवणूक सुरू झाली असेल तर मार्ग अरुंद आहेत. फॅक्टरी रीसेट करून बघण्याचा सल्ला सर्रास मिळतो. रीसेटने वायफायचा पासवर्ड आणि तुमची सेटिंग्ज जातात. फर्मवेअर आहे तेच राहतं. जुन्या आवृत्तीवर परत जाणं बहुतेक मॉडेल्सवर कंपनीने बंद केलेलं असतं. तुमच्या मॉडेलसाठी वेगळं फर्मवेअर असलंच तर ते कंपनीच्या अधिकृत सपोर्ट पानावर असेल. शोधायचं ते तिथेच. कुठल्यातरी साइटवरची ‘अनलॉक’ फाइल टाकलीत आणि अपडेट मध्येच अडकलं, तर कार्ट्रिजच्या भांडणात प्रिंटरच गमावून बसाल. काही मॉडेल्ससाठी पैसे घेऊन ‘चिपलेस’ फर्मवेअर, म्हणजे चिप तपासणंच बंद करणारं, विकणारेही आहेत. तो बदल बहुधा कायमचा असतो, आणि वॉरंटी चालू असेपर्यंत त्याचा विचारही नको.

कायदा काय म्हणतो, हा प्रश्न इथे हमखास निघतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपतो, म्हणजे ते भरून पुन्हा विकणाऱ्याला पेटंट दाखवून अडवता येत नाही. पण प्रिंटरने ते स्वीकारलंच पाहिजे असं त्या निकालात काही नाही.

वर्गणीवाला प्रिंटर आहे का ते बघा

सेटअपच्या वेळी घाईत ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबणाऱ्यांसाठी. एचपीच्या इन्स्टंट इंकसारख्या योजनेत दरमहा पानांचे पैसे भरायचे आणि कार्ट्रिज घरी येतं. वर्गणी बंद केली की चालू मुदत संपल्यावर ते कार्ट्रिज थांबतं, आत शाई असली तरी. त्याच्या जागी नेहमीचं विकतचं कार्ट्रिज घाला, प्रिंटर सुरू होईल. एचपी प्लसचं प्रकरण जास्त कडक आहे: ते एकदा स्वीकारलं की त्या प्रिंटरला कायम एचपीची शाई आणि चालू इंटरनेट लागतं. मॉडेलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ असेल तर सेटअपमध्ये ही विचारणा होते, तेव्हा तिथे सावकाश वाचा.

आजचं पान आज छापायचं असेल तर

दोनच कार्ट्रिजेसचा, हेड कार्ट्रिजमध्येच असलेला एचपीचा प्रिंटर असेल तर नाकारलेलं कार्ट्रिज बाहेर काढून झाकण लावा. अशा अनेक मॉडेल्समध्ये तो उरलेल्या एकावर चालतो. काळं काढलं तर रंगीत कार्ट्रिज तीन रंग मिसळून काळपट अक्षरं काढेल. रंगीत काढलं तर सगळं कृष्णधवल येईल. अर्जाच्या प्रतीला पुरेसं आहे. वेगवेगळ्या टाक्या असलेल्या प्रिंटरमध्ये हे चालत नाही, तिथे सगळ्या टाक्या जागेवर लागतात.

ड्रायव्हरमधून (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधून) शाईच्या सूचना बंद करता येतात, पण त्याने कॉम्प्युटरवरची कटकट थांबते एवढंच. प्रिंटरने स्वतः अडवलं असेल तर फरक पडत नाही.

विक्रेत्याला लिहिताना

‘चालत नाही’ एवढंच कळवलंत की साफसफाईच्या सूचनांचं तयार उत्तर येतं आणि दोन दिवस जातात. पहिल्याच निरोपात प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती (ती सेटिंगच्या पानावर किंवा छापलेल्या अहवालावर मिळते), स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो, चिपचा जवळून काढलेला फोटो आणि ‘जुनं ओरिजिनल ओळखलं जातं’ ही ओळ द्या. त्या शेवटच्या ओळीने ‘तुमच्या प्रिंटरमध्येच दोष असेल’ हा बचाव संपतो. मागणीही स्पष्ट करा: या फर्मवेअरला चालणारी नव्या चिपची आवृत्ती द्या, नाहीतर पैसे परत. बरे विक्रेते चिपच्या आवृत्तीचा हिशोब ठेवतात. ज्याला हा प्रश्नच कळत नाही त्याच्याकडून पुढच्या वेळी घेऊ नका. आणि एकदम सहा महिन्यांचा साठा कधीच करू नका. मधल्या काळात एक अपडेट झाला तर सगळा साठा एका रात्रीत बाद.

प्रिंटरच बदलायची वेळ आली असेल तर बाटलीने शाई ओतायचे टँकवाले प्रिंटर बघा: एप्सनचे इकोटँक, कॅननची पिक्स्मा जी मालिका, एचपीचे स्मार्ट टँक. टाकीत ओतलेल्या शाईला चिप नसते, त्यामुळे हा नकाराचा प्रकार तिथे जवळपास उद्भवत नाही. सुरुवातीची किंमत जास्त पडते, आणि आठवड्यातून एखादं रंगीत पान काढत राहावं लागतं, नाहीतर हेड सुकतं. वर्षाला पन्नास पानं छापणाऱ्याने त्याऐवजी साधा काळापांढरा लेसर घ्यावा. टोनरची पूड महिनोन्महिने पडून राहिली तरी सुकत नाही. फक्त त्याच्याही टोनरवर चिप आहे का, हे आधी विचारून घ्या.